चांगुणाबाईचं आंबट मडकं

माझी थोरली जाऊ चांगुणा सकाळी उठली की देवाचं नाव घ्यायच्या आधी डुकरांचा गू बघायची. लिहायला जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण तिची गोष्ट सांगायची तर तिथनंच सांगावी लागते. हातात बाभळीची काडी, डोक्यावरनं पदर घट्ट, आणि डुकरांच्या खोपटाच्या तोंडाशी ती उकिडवी बसलेली. काडीनं उकरायची, वाकून वास घ्यायची, मग मान वर करायची. त्या मान वर करण्याकडं आम्ही सगळे डोळे लावून असायचो. कपाळ सपाट असलं तर चूल पेटायची. कपाळाला आठी असली तर कुणी कुणाशी बोलायचं नाही.

ही सवय तिला म्हातारपणापर्यंत राहिली. पुढं नातवंडं झाली तर त्यांचं दुपटंसुद्धा ती आधी नाकाला लावायची आणि मग सुनेला विचारायची, "काल काय चारलंस ह्याला?" सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. मी नाही कधी हसले. ती सवय कशानं लागली ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही वडार. दगड फोडायचा, विहिरी खणायच्या आणि पालाच्या मागं डुकरं पाळायची, हा आमचा धंदा. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही आणि खर्ड्याच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, तशी आम्ही तिथं जाऊन पालं टाकली. माझं लग्न होऊन वर्षसुद्धा नीट भरलं नव्हतं. सासरे पुंजाराम, थोरले दीर आसाराम, चांगुणाबाई, आमचे हे आणि मी, एवढी आमची माणसं. कामावर मोठी गंमत होती. ज्या कुणब्यांच्या विहिरी आम्ही खणल्या होत्या, त्यांच्याच बायका आता तोंडावर पदर ओढून आमच्या शेजारी मातीच्या पाट्या उचलत होत्या. दुष्काळानं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. फक्त पाण्याच्या झिऱ्यावर रांगा दोन होत्या.

खायला मिलो. म्हणजे परदेशातनं आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी तव्यावर टाकली की बांधावरचीच माती थापली असं वाटायचं. आणि कामावर सुकडी वाटायचे. पीठ, गूळ, शेंगदाणे, तेल असं भाजून एकत्र केलेलं. लेकरांना मिळायची, म्हाताऱ्यांना मिळायची. तिचा वास आला की माणसाचे पाय आपसूक तिकडं वळायचे.

चांगुणाबाईजवळ एक डुकरीण होती, तिच्या आईनं लग्नात दिलेली. ती म्हणायची, "माझ्या मायला दोनच इद्या येत हुत्या. दगडाची शीर वळखायची आन् डुकरीण पाळायची. दगड सासरी भरपूर हायेत म्हनून तिनं मला डुकरीण दिली."

ती डुकरीण व्याली. सात पिल्लं झाली. दुसरी कुणी असती तर पिल्लांवरनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या. चांगुणाबाईचं मात्र तोंड उतरलं.

कारण आदल्या सालचं आख्खं वेत तिच्या हातनं गेलं होतं. आईच्या अंगावर होती तोवर पिल्लं कशी, गोट्यासारखी. दूध तुटलं आणि हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी. पिल्लू भिंतीला नाक लावून उभं राहायचं, कुणाकडं बघायचं नाही, आणि दिवस कलायच्या आत आडवं व्हायचं. त्यांना ताकद यावी म्हणून चांगुणाबाईनं घट्ट शिजवून पोट तटतटेस्तोवर चारलं होतं. जेवढं चारलं तेवढी लवकर गेली. तेव्हापासून वस्तीतल्या बायका म्हणायला लागल्या, चांगुणाच्या हाताला यश नाही. तिला तोवर मूल झालं नव्हतं, म्हणून त्या बोलण्याला दोन्ही बाजूंनी धार होती.

ह्या खेपेला भीती नुसती पिल्लांची नव्हती. पलीकडच्या एका कामावर पटकी आली, माणसं उलट्या-जुलाबानं गेली, काम बंद झालं आणि पालं उठवली, अशी बातमी आली. त्यात खरं किती आणि खोटं किती, कोण बघायला गेलं होतं? पण त्या दिवसापासून आमच्या कामावर कुणाच्या लेकराचं पोट जरा बिघडलं की आई त्याला पदराखाली लपवायची. रानात जाऊन आलेल्या माणसाकडं बाकीचे तिरक्या नजरेनं बघायचे, कितव्यांदा गेला ते. माझ्या पोटात एकदा कळ आली तर मी दातावर दात धरून पाट्या उचलल्या, पण काही जागची हलले नाही.

अशात डुकरिणीचं दूध आटलं. माणसालाच खायला नाही, तिथं उकिरड्यावर तिला काय गावणार? पिल्लं लुचायला गेली की ती दात काढून अंगावर यायची. एकीचा तर तिनं कान फाडला. शेवटी चांगुणाबाईनं डुकरीण लांब बांधली आणि पिल्लं खोपटात कोंडली. दिवसभर ती केकाटत होती. संध्याकाळी गप झाली, तेव्हा चांगुणाबाई हातातलं काम टाकून बसली.

"आता सुरू हुनार गं," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून ती जनावरांच्या छावणीत गेली. मला सोबतीला घेतलं. तिथं सूर्यभान नावाचा कंपाउंडर होता. बैलांच्या पाठीवर हात फिरवून फिरवून त्याच्या हाताला बैलाचाच वास यायचा म्हणे. चांगुणाबाईनं पदराआडनं सगळं सांगितलं.

"डुकराची पिल्लं?" तो म्हणाला. "बाई, इथं बैलालाच औषध पुरंना. डबा बघ, पालथा पडलाय."

"औषध नगं, दादा. नुसतं सांगा. दूध तुटल्यावर मरत्यात का?"

तो हसला नाही. दगडावर बसला आणि विडी पेटवली. "हे बघ. आईचं दूध म्हंजे पोटाला राखन असती. ती उठली की पोट उघडं पडतं. तेवढ्यात तू जड घातलंस की ते पचत न्हाई, आतल्या आत सडतं आन् वाहून निघतं. आमी वासराला करतो तेच कर. पातळ दे. घडीघडीला दे, पन पोटभर देऊ नगंस. गोड न्हाई, तेलकट न्हाई. भांडं रोज उन्हात वाळव. पिल्लांना उबंला ठेव. आन् आंबट ताक मिळालं तर लई ब्येस."

"ताक? दादा, तुमच्या छावनीत चहाला तरी दूध हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "कोराच पितो."

चांगुणाबाई तरी हलली नाही. "मिलोची आंबील चालंल का? माझी माय उन्हाळ्यात करायची. आंबट हुती की नाकाला झोंबती."

सूर्यभाननं विडीची राख झटकली. "डुकराला आंबील मी बी कधी दिली न्हाई. पन आंबट तर हाय. करून बघ. आन् काय हुतंय ते मला येऊन सांग, मला बी कळू दे."

वाटेनं ती झपाझप पुढं चालली होती. पालात आल्या आल्या मिलो जात्यावर भरडला, कोंडा न पाखडता मडक्यात टाकला, पाणी ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं चुलीच्या उबेला ठेवलं. पहिलं मडकं नासलं. फडकं सोडताच असा वास आला की मी पालाबाहेर पळाले. तिनं ते लांब नेऊन खड्ड्यात पुरलं. थोरले दीर कपाळाला हात लावून बसले. "मानसाच्या तोंडचा मिलो मातीत गेला," म्हणाले. तिनं दुसरं मडकं लावलं. त्याला बारीक बुडबुडे आले, आणि वास आला तो ताकासारखा, लिंबासारखा. तिनं बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले. तेव्हापासून ते मडकं तिनं कधी तळापर्यंत रिकामं केलं नाही. बुडाला वाटीभर ठेवायची, त्यावर नवीन भरड आणि पाणी. दुधाला विरजण लावतात तसं.

पण मडकं जमेपर्यंत पिल्लं थांबणार होती थोडीच? तोवर ती त्यांना मिठाचं कोमट पाणी आणि भाजलेल्या मिलोची पातळ पेज देत होती. तरी हगवण लागलीच. एक पिल्लू गेलं, त्यामागं दुसरं गेलं. दीर दुसऱ्या पिल्लाला पुरायला खड्डा घेत होते आणि नेमका मुकादम तिथं आला.

मुकादम काकासाहेब म्हणजे आमच्या टोळीची हजेरी घेणारा माणूस, पण झिऱ्यावरच्या दुसऱ्या रांगेतला. पांढरं धोतर, काखेत छत्री. पाऊस नसलेल्या सालात तो छत्री कशाला बाळगायचा ते मला कधी कळलं नाही.

"कशानं मेलं रं?" त्यानं विचारलं.

"थंडीनं, मुकादम," दीर म्हणाले.

काकासाहेबानं छत्रीचं टोक खोपटाच्या दाराकडं केलं. तिथं पिवळा ओघळ गेलेला होता. "थंडी पिवळी असती व्हय?"

दीर खड्ड्यात माती ओढायला लागले.

"मुकादम, डुकराची हगवण हाय, मानसाची न्हाई," आमचे हे मधेच बोलले.

"ते मला सांगू नगंस, त्यांना सांग," त्यानं तलावाकडं हात केला. तिथं मुंग्यांसारखी माणसं चढत-उतरत होती. "उद्या एका लेकराला जुलाब झाला की समदी मानसं माझ्या अंगावर येतील. तुमची डुकरं झिऱ्याच्या वरच्या अंगाला. खर्ड्याच्या बाजारापतूर दम धरतो. बाजारच्या सकाळी मी येनार. हगवण दिसली तर खोपटं पेटवनार, तुमची पालं उठवनार आन् हजेरीतनं नावं बी काढनार."

त्याचा आवाज चढलेला होता, पण बोलता बोलता तो खोपटापासून मागं सरकत होता. त्याच्या घरातही रांगता नातू होता. तो आमच्याइतकाच भ्यालेला होता. भ्यालेल्या माणसाच्या हातात काडेपेटी असली की त्याच्यापेक्षा वाईट काही नाही.

पालं उठवली तर जाणार कुठं? जामखेडकडची माणसं इकडं आली होती, पाथर्डीकडची ऊस तोडायला गेली होती. झिरा सुटला की पाणी सुटलं. हजेरी सुटली की मिलो सुटला, सुकडी सुटली. त्या रात्री पाचही माणसं घोंगड्याखाली उघड्या डोळ्यांनी पडून होती, एवढं मला माहीत आहे.

पाच माणसं आणि पाच पिल्लं. त्यातली जिचा कान फाटला होता ती सगळ्यांत बारकी. हगवण तिला सगळ्यांत जास्त. चांगुणाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हिचं नाव कडू."

आता माझं नाव कडूबाई. माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं माझं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातली तरी थुंकून टाकावी म्हणून.

"जाऊबाई! डुकराला माझं नाव?"

"तू जगलीस न्हवं? मग झालं तर. मला तेवढंच पायजे."

मला राग आला. मी दिवसभर फुगून बसले. पण दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला सगळ्यांच्या आधी खोपटापाशी गेले कोण, तर मीच. माझ्या नावाचं पिल्लू गेलं, तर त्या नावात मग राहिलं काय? तेव्हापासून चांगुणाबाईच्या कपाळाकडं मी जशी बघायचे, तशी कुणी बघत नसेल.

आम्ही कामावर असताना पिल्लांना आंबील पाजायचं काम सासऱ्यांकडं आलं. त्यांचे गुडघे गेले होते, खडी फोडायचं सुटलं होतं. त्या काळी सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नसे. आमच्या पालात तर त्याची एक रीतच पडून गेली होती. चांगुणाबाई पालाच्या मेढीशी, म्हणजे मधल्या खांबाशी बोलायची आणि मामंजी दाराशी बांधलेल्या गाढवाला उत्तर द्यायचे.

"मेढी, मेढी, वाटीपेक्षा जास्त द्यायचं न्हाई म्हनावं. उरलं की सांडायचं, तसंच ठेवायचं न्हाई."

"गाढवा, ऐकलंस का? आमी जन्मभर डुकरं पाळली, आता आमाला वाटी शिकीवत्यात."

"मेढी, ताटली उन्हात पालथी घालायची. आन् गोड-तेलकट काय बी न्हाई."

"गाढवा, तूच ऐक बाबा. तुझे कान मोठे हायेत."

बडबडायचे, पण करायचे सगळं. आंबील आंबट आणि पातळ, घोट घोट, दिवसातनं कितीतरी वेळा. पिल्लांची ताटली मामंजी स्वतःच्या जेवणाच्या ताटलीपेक्षा जास्त घासायचे. चांगुणाबाई आपल्या वाटणीच्या अर्ध्या भाकरीचा मिलो मडक्यात टाकायची आणि वरनं पाणी पिऊन कामावर यायची. पाटी उचलताना तिला भोवंड यायची, मी बघायचे.

हळूहळू ओघळ दाट झाला. पिवळ्याचा तांबूस झाला, मिलोच्या रंगाचा. एका सकाळी तिनं काडी फिरवली आणि मान वर केली, तर कपाळ सपाट. मला हसू यायच्या ऐवजी रडूच आलं. "अजून बाजार यायचाय," तेवढंच ती म्हणाली.

आणि बाजार जवळ आला असताना घात झाला.

सकाळी ती खोपटाशी बसली ती उठेच ना. मी जवळ गेले. पुन्हा सगळं पातळ. वर तेलाचा तवंग. पाचही पिल्लं सुस्त, आणि कडू भिंतीला नाक लावून उभी. आदल्या सालच्या पिल्लांसारखी.

चांगुणाबाई वास घेत होती. "गोड वास येतोय," ती म्हणाली. मग काडीनं उकरून तिनं मला दाखवलं. शेंगदाण्याची बारीक लाल सालं.

ती उठली, पालात गेली आणि मेढीसमोर उभी राहिली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मेढी, पिल्लांना सुकडी कुनी चारली?"

मामंजी बाहेर गाढवापाशी बसलेले. त्यांनी गाढवाचा दोर उगाच सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "गाढवा, सुकडी म्हंजे काय इख हाय? सरकारनं लेकरांसाठी धाडल्याली वस्तू. ही बी लेकरंच हायेत. त्या आंबट पान्यावर त्यांना कवर जगवायचं? बाजारच्या दिशी जरा अंगात ताकद दिसू दे म्हनलं."

"मेढी, गोड-तेलकट न्हाई, असं सांगितलं हुतं."

"गाढवा, गूळ न्हाई दिला, तेल बी न्हाई दिलं. सुकडी दिली. आन् कुनाची चोरून न्हाई दिली. माझ्या वाटनीची दिली."

चांगुणाबाईनं मेढ धरली होती. आता ही काय बोलते, असं झालं मला. सासऱ्याला वेडंवाकडं बोलली तर दीर हात उगारायला कमी करणार नव्हते. आणि नाही बोलली तर तिच्या छातीत काहीतरी फुटलं असतं.

ती मेढ सोडून दारात आली. डोक्यावरचा पदर मागं घसरला होता, तिला भान नव्हतं. पहिल्यांदाच ती सरळ त्यांच्याकडं बघून बोलली.

"मामंजी, मग तुमी काय खाल्लं?"

म्हातारा गाढवाच्या मानेवर हात फिरवत बसला. ह्या खेपेला गाढवालासुद्धा काही सांगितलं नाही.

चांगुणाबाईनं पदर वर घेतला आणि कामाला लागली. त्या दिवशी तिनं पुन्हा खाडा केला. पिल्लांचं सगळं खाणं बंद. नुसतं मिठाचं कोमट पाणी. भाकरीचा तुकडा जाळून कोळसा केला, तो पाट्यावर वाटून पाण्यातनं चमचा चमचा पाजला. बाभळीची साल उकळून तिचं पाणी दिलं. मामंजींनी न सांगता पाचही पिल्लं घोंगड्यात गोळा केली आणि पोटाशी धरून बसले. कडू त्यांच्या बगलेत होती. तिचं पोट हलतंय का, ते मी येता-जाता बघायचे. एकदा हललं नाही असं वाटलं, तर माझा हात आपोआप माझ्याच छातीवर गेला.

संध्याकाळी दिरांनी पहारी आणि दगड फोडायच्या सुतक्या एका जागी आणून ठेवल्या. आमच्या ह्यांनी गाढवांचे दोर नीट केले. बांधाबांध सुरू झाली.

"बांधा," चांगुणाबाई म्हणाली. "पन मडकं शेवटाला उचला."

दुसऱ्या दिवशी पातळ निवळीसारखी आंबील सुरू केली, घोटभर. मग जरा थांबून पुन्हा घोटभर. पिल्लं ओरडायला लागली तरी तिनं जास्त दिली नाही. "वरडू द्या," म्हणाली. "वरडत्यात तवर जित्ती हायेत." त्यांच्या पोटातनं आता काहीच बाहेर येत नव्हतं. चांगलं नाही आणि वाईटही नाही. ते तर जास्तच भिववणारं होतं.

बाजारचा दिवस उजाडला. काकासाहेब आला. मागं दोन माणसं, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. त्यांच्या मागं बघ्यांची रांग, त्यात झिऱ्यावरच्या दुसऱ्या रांगेतल्या बायकाही. गावाकडनं बाजाराला निघालेली माणसंसुद्धा वाट सोडून आली.

काकासाहेबानं खोपटात वाकून बघितलं. जमीन कोरडी. रात्रीच राख टाकून साफ केलेली.

"झाडून ठिवलंय," तो म्हणाला. "असं कसं कळनार?"

"सोडते पिल्लं," चांगुणाबाई म्हणाली. "तुमच्या म्होरंच करतील. बघा."

पिल्लं सोडली. ती आंबलेल्या मडक्याच्या वासानं तिच्या पायाशी घोटाळली, माती हुंगत हिंडली, एकमेकांना ढुसण्या दिल्या. बाकी काही करेनात. आम्ही सगळे उभे. काकासाहेब छत्रीवर भार देऊन उभा. रॉकेलवाल्यानं डबा ह्या हातातनं त्या हातात घेतला. मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप केलं. एवढी मोठी माणसं, बाजार सोडून, डुकराचं पिल्लू कधी हागतंय ह्याची वाट बघत उन्हात ताटकळत होती. आज लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा मी देवाला हात जोडून उभी होते.

"मुकादम, बाजार उठंल," डबेवाला म्हणाला. "पेटवायचं का?"

"थांब रं."

मग कडू बाजूला गेली. फाटका कान हलवला, मागचे पाय वाकवले. चांगुणाबाईनं माझा दंड असा धरला की पुढं कितीतरी दिवस तिथं बोटांचे वळ होते. मी डोळे मिटून घेतले. माझ्याच्यानं बघवेना.

मी डोळे उघडले तेव्हा काकासाहेब छत्रीच्या टोकानं मातीत ढोसत होता. त्यानं वाकून नीट बघितलं. पांढऱ्या धोतराचा सोगा मातीला लागला तरी वाकून बघितलं.

"बांधून आलंय," तो म्हणाला.

त्याच्या छातीतनं एवढा मोठा श्वास सुटला की मला वाटलं, हा आमच्यापेक्षा जास्त सुटला. डबेवाल्यानं रॉकेल परत नेलं. दुष्काळात रॉकेल कोण मागं सोडतं? जाता जाता काकासाहेब आमच्या दारात थबकला, नाक वर केलं. "वास कशाचा हाय?"

"आंबील हाय, मुकादम," दीर म्हणाले.

"माझी आज्जी करायची," तो म्हणाला आणि जरा उभा राहिला. त्यानं मागितली नाही, आम्ही दिली नाही. झिऱ्यावर रांगा दोन होत्या.

माणसं पांगल्यावर चांगुणाबाई मातीत बसली. मामंजी काठी टेकत गाढवापाशी गेले.

"गाढवा," ते म्हणाले, "वस्तीत जाऊन सांग समद्यांना. माझ्या सुनंच्या हाताला यश हाय."

तिनं मेढीकडं तोंड वळवलं. पदर डोक्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "मेढी, मामंजींना सांग, आजपासनं सुकडी माझ्याम्होरं बसून खायची. एक घास बी खाली पडता कामा न्हाई."

पाचही पिल्लं जगली. कडू पुढं मोठी झाली, तिला वेत झालं, आणि तिच्या पिल्लांचं दूध तुटायची वेळ आली तेव्हा चांगुणाबाईच्या कपाळावर पुन्हा तीच आठी आली. मी म्हटलं, "आता कशाला भ्यायचं, जाऊबाई? आता ठावं हाय की काय द्यायचं ते."

"ठावं हाय म्हनूनच भ्या वाटतं," ती म्हणाली, मडक्यात बुडाला वाटीभर उरलंय का ते बघितलं, आणि बाभळीची काडी शोधायला बाहेर गेली.